घरांत बिअर करावी काय?

पदार्थ आंबविण्याची विद्या आपल्या घरांना नवी नाहीं. इडलीचें पीठ रात्रीं कालवून सकाळीं फुगलेलें पाहणें, विरजणाची कवडी जपून ठेवणें, उन्हाळ्यांत नाचणीची आंबील करणें हीं कामें आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. औषधांच्या फळीवर द्राक्षासवाची बाटली नाहीं असें घर तर पूर्वीं विरळाच असे. त्या बाटलींत जो थोडा मद्यार्क असतो तो कोणी बाहेरून ओतलेला नसतो. मनुका, गूळ आणि धायटीचीं फुलें यांच्या संयोगानें तो आंतल्या आंत उत्पन्न झालेला असतो. या जुन्याच विद्येनें एका नव्या स्वरूपांत एका घरांत कलह कसा उत्पन्न केला, हें आमच्याकडे आलेल्या एका पत्रावरून कळतें. तसलाच प्रश्न इतर घरांतही उद्भवण्यासारखा असल्यामुळें त्याचें उत्तर येथें सविस्तर देणें आम्हांस इष्ट वाटतें.

पत्र मांजरीहून आलें आहे. मुळामुठेच्या कांठचें हें जुनें उंसाचें व द्राक्षांचें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. पत्र लिहिणाऱ्या भगिनी तेथील एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई आहेत. त्यांचे धाकटे दीर सहा वर्षें अमेरिकेंतील ओरेगन राज्यांत नोकरी करून नुकतेच परत आले. येतांना त्यांनीं उष्णतामापक, हवा बाहेर सोडणारें बूच आणि वाळलेल्या हॉपच्या पुड्या आणल्या, व दिवाळीस सर्व भावंडें जमतील तेव्हां गच्चीवर अमेरिकन पद्धतीची पेल एल नांवाची बिअर स्वहस्तें करून दाखविण्याचा बेत उघडपणें सांगितला. मामंजींनीं तत्काळ निक्षून सांगितलें कीं, या घरांत दारूचें पातेलें चढणार नाहीं. दीर म्हणतात, "वहिनी, तिकडे लोक हें आपल्या लोणच्यामुरंब्यासारखें घरीं करतात." सासूबाई कांहींच बोलत नाहींत, आणि गेले पंधरा दिवस पितापुत्र एका पंक्तीला बसलेले नाहींत. भगिनींनीं आम्हांस तीन प्रश्न केले आहेत : हें पेय विषारी तर होणार नाहीं ना? तें करणें गुन्हा आहे काय? आणि या दोघांच्या मध्यें उभें राहून आपण बोलावें तरी काय?

ज्या वस्तूविषयीं वाद करावयाचा ती प्रथम नीट समजून घ्यावी. बिअर ही धान्याची. सातूला मोड आणून ते दाणे वाळविले म्हणजे त्यांस मॉल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून, वाळवून, तिचें पीठ आपण लहान मुलांसाठीं करतों, त्यांत आणि या क्रियेंत तत्त्वतः कांहींच भेद नाहीं. पूर्वीं विलायतेंत मॉल्ट लांकडाच्या जाळावर वाळवीत, त्यामुळें तो काळसर होई व त्याला धुराचा वास लागे. पुढें दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर तो वाळवूं लागले, तेव्हां दाणे फिकट राहिले. त्यांपासून झालेली ती पेल, म्हणजे फिकी, एल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची आणि १८२० नंतर बर्टन गांवची अशी बिअर आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांत येत असे. लांबच्या प्रवासांत ती टिकावी म्हणून तींत हॉप अधिक घालीत. म्हणजे या पेयाच्या कडवटपणाशीं आपल्या देशाचा संबंध दोनशें वर्षांहून जुना आहे, जरी तें त्या वेळीं पिणारे बहुतेक परकीयच होते.

हॉप ही एक वेल आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला भांगेच्या कुळांत घालतात. परंतु भांगेचा मादक गुण तिच्यांत नाहीं. तिच्या मादी वेलीला हिरवीं, पापुद्र्यापापुद्र्यांचीं बोंडें येतात व त्यांच्या पोटांत पिवळी, चिकट भुकटी असते. कडवटपणा आणि सुगंध हीं दोन्ही त्या भुकटींत. या वेलीला फुलण्यापूर्वीं उन्हाळ्याचे फार लांब दिवस लागतात. पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, म्हणून ती आपल्याकडे नीट बहरत नाहीं. हिमाचलांतील लाहौलच्या खोऱ्यांत मात्र तिची लागवड झालेली आहे. अमेरिकेंत ओरेगन येथें संकरानें तयार झालेली व १९७२ सालीं शेतकऱ्यांस दिली गेलेली कॅस्केड नांवाची जात ही अमेरिकन पेल एलचा जणूं प्राणच होय. तिचा वास पपनसाच्या सालीसारखा व थोडासा देवदाराच्या राळेसारखा असतो.

आतां कृति. वीस लिटर बिअरसाठीं सुमारें साडेचार किलो मॉल्ट भरडून तो ६५ ते ६७ अंश उष्णतेच्या पाण्यांत तासभर झांकून ठेवतात. मोड येतांना दाण्यांत जीं विकरें उत्पन्न झालेलीं असतात, तीं या उष्णतेंत पिठाची साखर करतात. उष्णता पांचसहा अंशांनीं वाढली कीं रस दाट व अपुरा आंबणारा होतो. फारच वाढली तर विकरें मरून काम थांबतें. म्हणून उष्णतामापकावांचून ही क्रिया करणें म्हणजे डोळे बांधून चकल्या तळणें होय. पुढें गोड रस गाळून घेऊन तासभर खळखळ उकळतात. उकळीच्या आरंभीं टाकलेला हॉप कडवटपणा देतो, कारण त्यांतील आम्लांचें रूपांतर होण्यास दीर्घ उकळी लागते. सुगंधी तेलें मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठीं हॉप शेवटच्या दहा मिनिटांत, कांहीं विस्तव बंद केल्यावर, आणि कांहीं तर आंबणें बहुतेक संपल्यावर थंडच टाकतात. फोडणी आधीं आणि कोथिंबीर शेवटीं, हा जो आपल्या स्वयंपाकाचा नियम आहे त्याच्याच पोटीं हा क्रम येतो.

नंतर रस झपाट्यानें २० अंशांपर्यंत निववून त्यांत यीस्ट घालतात. आपल्या जुन्या ग्रंथांत ज्याला किण्व म्हटलें आहे, त्याच वर्गांतली ही वस्तु. यीस्ट हा सजीव आहे व त्याच्या जीवनक्रियेनेंच साखरेचा मद्यार्क व कर्बवायु होतो, हें पाश्चरनें दाखवून दिलें आणि १८७६ सालीं बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढें १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हॅन्सेन यानें एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविलें. १८ ते २० अंशांत दहा ते चौदा दिवस ठेवल्यावर बिअर तयार होते. मग लिटरमागें सुमारें सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या कीं पुढील दोन आठवड्यांत तिला फेंस येतो. मद्यार्काचें प्रमाण शेंकडा पांचाच्या आसपास राहतें.

एवढें समजल्यावर पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. बिअर विषारी होण्याची जी भीति भगिनींनीं लिहिली आहे, ती बहुधा वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून उत्पन्न झाली असावी. जून २०१५ मध्यें मुंबईस मालवणी येथें गांवठी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं; पण तेथें कारखान्यांत वापरावयाचें मिथेनॉल दारूच्या नांवाखालीं विकलें गेलें होतें. सातू, हॉप आणि यीस्ट यांच्या बिअरींत तसलें विष मारण्याइतकें उत्पन्न होत नाहीं. तरी धोका नाहीं असें मात्र नव्हे. पंचवीस लिटर उकळता रस व आजूबाजूस खेळणारीं मुलें, हा पहिला धोका. आंबणें पुरें होण्याआधींच भरलेल्या कांचेच्या बाटल्या वायूच्या दाबानें फुटतात व कांचा दूरवर उडतात, हा दुसरा. पुण्याचा पारा वैशाखांत ३८-४० अंशांवर जातो आणि आंबणारा रस स्वतःही उष्णता टाकतो. थंड ठेवण्याची सोय नसली तर बिअर उग्र होते व पिणाऱ्याचें डोकें दुखवते. शिवाय घरीं कुत्रा असल्यास हॉपचा चोथा त्याच्यापासून दूर ठेवावा. तो कुत्र्यास प्राणघातक होऊं शकतो.

परंतु सर्वांत मोठा धोका मद्यार्काचाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालींच मद्यपेयांस कर्करोगकारक ठरविलें आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं. पेय घरचें आहे, साहित्य शुद्ध आहे, एवढ्यानें हें विधान बदलत नाहीं. ज्या घरांत कोणी एक जण व्यसनांतून कष्टानें बाहेर आलेला आहे, त्या घरांत तर हा प्रयोग कौतुकानेंसुद्धां होतां कामा नये.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत असें कीं, होय, तो गुन्हा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नांवानें चालू आहे. त्याच्या १२ व्या कलमानें परवान्यावांचून मद्य तयार करण्यास बंदी आहे, आणि ६५ व्या कलमानें त्यास कारावास व दंड सांगितला आहे. तें विकावयाचें नाहीं, घरच्या घरीं प्यावयाचें आहे, ही सबब तेथें चालत नाहीं. मद्य करण्याच्या हेतूनें भांडीं व साहित्य बाळगणें हेंही त्याच कलमांत येतें. दुकानांतून बिअर विकत आणणाऱ्यालासुद्धां आपल्या राज्यांत पिण्याचा परवाना लागतो, आणि वयाची अट सौम्य बिअरला २१ व कडक मद्यांना २५ वर्षांची आहे. हें पुष्कळांस ठाऊक नसतें आणि ज्यांस ठाऊक असतें त्यांतील पुष्कळ जण तें मनावर घेत नाहींत; पण कायदा आहे तो असा आहे. उद्यां चौकशी झालीच, तर प्रथम विचारणा होईल ती हें घर कोणाचें अशी. तेव्हां मामंजींचा नकार हा केवळ जुन्या मतांचा हट्ट आहे, असें दिरांनीं समजूं नये.

दिरांचें म्हणणेंही तितकेंच खरें आहे कीं, तिकडे हें घरोघर चालतें. पण तें कसें चालूं लागलें, याचा इतिहास त्यांनीं पाहावा. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत संपूर्ण दारूबंदी होती. ती उठली तरी घरीं बिअर करणें बेकायदेशीरच राहिलें, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षें लोक तें चोरून करीत राहिले. १९७८ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा बदलला व अध्यक्ष कार्टर यांनीं त्यावर सही केली; तेव्हांपासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर स्वतःच्या घरासाठीं करण्याची मोकळीक मिळाली. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनीं ती २०१३ पर्यंत दिली नव्हती. कॅलिफोर्नियांतील चिको गांवीं घरगुती बिअरचें साहित्य विकणाऱ्या केन ग्रॉसमन यांनीं १९७९ सालीं सिएरा नेवाडा हा कारखाना काढला, आणि कॅस्केड हॉपची त्यांची पेल एल ही पुढें साऱ्या जगांत या प्रकारचा नमुना ठरली. म्हणजे छंदाला प्रतिष्ठा आली ती कायद्याच्या दारांतून आल्यावर.

आपल्याकडे या बाबतींत शास्त्रें काय म्हणतात, असा प्रश्न मामंजींच्या मनांत असणारच. स्मृतींनीं सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगून ब्राह्मणांस तिन्ही वर्ज्य ठरविले आहेत. बिअर ही धान्याच्या पिठाची, म्हणजे पैष्टींत मोडते; ती फळांची नाहीं किंवा सौम्य आहे, असा युक्तिवाद तेथें उपयोगी पडत नाहीं. दुसऱ्या बाजूस कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें प्रकरण लिहितांना, कुटुंबवत्सल गृहस्थांनीं घरच्या कार्याच्या प्रसंगीं पांढरी सुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्यास मुभा ठेवली आहे. एकाच परंपरेंत धर्माची बंदी आणि राज्याची मर्यादित परवानगी अशीं दोन्ही होतीं. आज नेमकी उलट स्थिति आहे : धर्माचा निर्बंध ज्याच्या त्याच्या मनावर सोपविलेला आहे आणि बंदी राज्याची आहे. म्हणून या वादाचा निर्णय स्मृतींवरून करण्याची गरजच पडत नाहीं.

आतां तिसरा व खरा प्रश्न. आमच्या मतें भगिनींनीं मामंजींस असें सांगावें कीं, पातेलें चढणार नाहीं हा निर्णय योग्य आहे. परंतु मुलानें ही गोष्ट लपविली नाहीं, हेंही लक्षांत घ्यावें. तिशीच्या आंतबाहेरचा, स्वतः मिळविणारा मनुष्य गच्चीवर गुपचुप बाटल्या भरूं शकला असता. त्यानें वडिलांच्या तोंडावर विचारलें. त्याचें उत्तर नकार असेल. पण अबोला असूं नये. पुढच्या वेळीं याहून मोठी गोष्ट तो घरांत बोलेल कीं नाहीं, हें या पंधरवड्यावर अवलंबून आहे.

दिरांस असें सांगावें कीं, ही विद्या शिकावयाची असेल तर ती त्यांच्या दारांतच आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या ऊंस उत्पादकांनीं १९७५ सालीं उभारलेली व १९८९ पासून वसंतदादा पाटील यांचें नांव धारण करणारी साखर संस्था मांजरी बुद्रुक येथेंच आहे. मद्यार्काचें व आंबविण्याचें तंत्रज्ञान तेथें रीतसर शिकविलें जातें. परवाना घेऊन लहान प्रमाणावर ताजी बिअर करण्याचा भारतांतील आरंभींचा एक उद्योगही पुण्यांतच २००९ सालीं सुरू झाला. डूलाली हें त्याचें नांव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचेंच विलायती रूप आहे. तेथील छावणींत जहाजाची वाट पाहतां पाहतां भ्रमिष्ट होणाऱ्या गोऱ्या शिपायांवरून तो शब्द इंग्रजींत रूढ झाला. ज्याला हौस आहे त्याला शिक्षण व परवाना हा मार्ग मोकळा आहे, आणि कायदा अन्यायाचा वाटत असेल तर आमदारांकडे अर्ज करण्याचाही आहे.

तथापि दिवाळीचा बेत सर्वस्वीं मोडावा असें आम्हांस वाटत नाहीं. या विद्येचा तीनचतुर्थांश भाग यीस्ट घालण्यापूर्वींच संपतो व तो सर्व निर्दोष आहे. दिरांनीं मुलांना बरोबर घेऊन नाचणी किंवा सातू रात्रभर भिजवावा, ओल्या फडक्यांत बांधून दोन दिवस मोड आणावे, वाळवून मंद भाजावें व दळावें. मग साध्या पिठाची घट्ट पेज करून ती ६५ अंशांवर आली म्हणजे तींत या मोडाच्या पिठाचा एक चमचा मिसळावा. यासाठीं मात्र मोड केवळ वाळविलेले असावे, भाजलेले नसावे. थोड्याच वेळांत पेज पळीवाढी व गोडसर होते. बिअरच्या पातेल्यांत जें घडतें तेंच हें. याच तत्त्वावर, कमी पाण्यांत अधिक अन्न लहान मुलाच्या पोटांत जावें म्हणून, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत १९८० च्या दशकांत मोलाचें संशोधन झालें.

हॉपच्या पुड्याही वायां जाऊं देण्याचें कारण नाहीं. उकळी आणून थोड्या निवलेल्या एक लिटर पाण्यांत दोन चिमटी हॉप पंधरा मिनिटें झांकून ठेवावे, गाळून थंड करावें आणि लिंबू, किंचित् मीठ व सोडा घालून द्यावें. पपनसाचा तोच वास, तोच हलका कडवटपणा, आणि मद्यार्क मुळींच नाहीं. गरोदर स्त्रियांनीं मात्र तें घेऊं नये. मुलांसाठीं द्राक्षांचा रस ठेवावा; मांजरीच्याच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानें रसासाठीं मांजरी मेडिका नांवाची आंतून-बाहेरून लाल अशी जात काढली आहे. आणि सातूचा जो चोथा उरेल तो चाळून, भाजणींत चवथा हिस्सा मिसळून त्याचीं थालिपिठें लावावीं. चोथा ओला असतो, म्हणून पाणी जपून घालावें आणि तवा मंद ठेवावा. पहिलें थालिपीठ दिरांनीं स्वतः लावून वडिलांच्या पानांत वाढावें, असें आम्ही सुचवितों.